संचिताचा हात, माझा पाय

नवऱ्याने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. पण खिशात बायकोच्या हातची चिठ्ठी असताना तरी घेऊ नये.

चिठ्ठी अशी होती : 'टॉर्चवरचो हाताचो कंट्रोल हाडा. पायाचो नको.' हाडा म्हणजे आणा. आणि त्यातल्या 'नको'खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मी तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक टेबल सांभाळतो. रेघांचं महत्त्व मला कळत नाही, असं माझे शत्रूही म्हणणार नाहीत. (एक रेघ म्हणजे 'लक्ष द्यावे', दोन म्हणजे 'साहेबांनी लक्ष दिलेले आहे'. तीन रेघांचा कागद आला की मी रजा टाकतो.) तरीही त्या दिवशी बांद्याच्या दुकानात उभं राहून मी पायाचा कंट्रोल घेतला.

का घेतला ते सांगतो, पण आधी संचिताबद्दल सांगायला हवं. संचिता माझी बायको. ती वेल्डिंग करते. हे वाक्य मी कुठेही उच्चारलं की समोरच्याला 'वेडिंग' ऐकू येतं आणि तो विचारतो, "म्हणजे डेकोरेशन, की नुसत्या जेवणाच्या ऑर्डरी?" मग मी "वेल्डिंग, वेल्डिंग" म्हणत दोन हातांची दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवतो. त्यावर समोरचा माझ्याकडे अशा नजरेने बघतो, की आमच्या घरात चपात्या मी लाटतो हे त्याला न सांगताच कळलेलं असतं. (लाटतो. गोल होत नाहीत.)

देवबागेत तिच्या वडिलांचं खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. ते गेल्यावर मशीन गंजत पडलं, ते हिला बघवेना. तिने तीन महिन्यांचा कोर्स केला. वर्गात सव्वीस मुलगे आणि ही एकटी. मग मालवणात आमच्या घरामागे पत्र्याची शेड उभी राहिली. आमच्या किनाऱ्यावर खारा वारा लोखंडाला पापडासारखं खातो, त्यामुळे ज्याला त्याला स्टीलचा कठडा आणि स्टीलचं गेट हवं असतं. पातळ स्टील जोडायचं तर टिग वेल्डिंग लागतं. आमच्याकडे त्याला 'आर्गन' म्हणतात, कारण शेजारी आर्गन वायूचा सिलिंडर उभा असतो.

या कामात एका हातात टॉर्च, म्हणजे टोकाला जाळ काढणारी दांडी, दुसऱ्या हातात स्टीलची बारीक तार, आणि करंट मात्र सारखा कमी-जास्त करायचा. जाड पट्टीवर जास्त, पातळ पाइपवर कमी. जरा चुकलं की पाइपला भोक. तो कमी-जास्त करायला एक तर टॉर्चवर अंगठ्याखाली छोटं चाक असतं, नाहीतर शिलाई मशीनसारखं पायाखाली पेडल ठेवायचं. संचिताच्या टॉर्चवरचं चाक आणि बटण, दोन्ही खाऱ्या वाऱ्याने गिळली होती. मी चुलतभावाच्या साखरपुड्याला बांद्याला निघालो होतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

दुकानात अनिश नावाचा तरुण होता. त्याने दोन्ही वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. हाताचा कंट्रोल लिमलेटच्या गोळीएवढा. त्याच्याकडे बघून आदर वाटावा असं त्यात काही नव्हतं. आणि पेडल! काळंभोर, जाड रबराचं, खाली चार पाय, मागे केबल. अनिशने ते एका मशीनला जोडलं आणि म्हणाला, "दाबून बघा साहेब."

मी बूट काढून पाय ठेवला. (देवळात शिरताना काढतो तसे, आपोआप काढले.) हळूच दाबलं. मशीनवरचा लाल आकडा पाचावरून वीसवर गेला, वीसवरून साठवर, साठवरून एकशे वीसवर! पाय उचलला, आकडे पायऱ्या उतरल्यासारखे खाली आले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या दाबण्याने काही हललेलं मी पाहिलं नव्हतं. (फायली दाबल्या आहेत. पण त्या दाबल्या की हलायच्या थांबतात.)

"टेबलावर बसून काम असेल तर हा पायाचाच एक नंबर," अनिश म्हणाला. "हात मोकळे, करंट एकदम मुठीत. पण शिडीवर चढून किंवा कुठे कोपऱ्यात वाकून काम असेल तर मात्र..."

ह्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी ऐकला. दुसऱ्या अर्ध्या भागात मी पुन्हा पेडल दाबत होतो.

घरी संचिताने खोका उघडला.

"ह्यां काय?"

"पेडल."

"चिठयेत काय लिवलेलंय?"

"अगो, पण हात मोकळे ऱ्हवतत," मी म्हटलं. "तुजो अंगठो दुखता मा? माका तुजी काळजी."

ती पेडल घेऊन शेडमध्ये गेली. पंधरा मिनिटांनी हातात जोडलेल्या पाइपचा तुकडा घेऊन बाहेर आली. "टेबलार बरो आसा," म्हणाली. माझी छाती फुगायला लागली. ती पुरती फुगायच्या आत पुढचं वाक्य आलं. "पण उद्या माका शिडयेर चढान काम करूचा आसा. थंय पाय खंय ठेवू? तुमच्या डोक्यार?"

तेव्हा मला देवबागचं काम आठवलं.

देवबागेत सुभद्राकाकींचं होम-स्टे आहे. खाली तीन खोल्या, वर दोन, आणि वर अंगणाच्या बाजूने समुद्राकडे जाणारी लांब गॅलरी. त्या गॅलरीचा स्टीलचा कठडा काकींनी संचिताला दिला होता. तिचं ते पहिलं मोठं काम. गावातल्या दोघा-तिघांनी काकींना सांगून बघितलं होतं, "बाईमाणसान जोडलेलो कठडो. त्येका टेकाक कोण जातला?" काकी म्हणाल्या होत्या, "मी टेकतलंय." (काकींचं वजन लक्षात घेता हे साधं बोलणं नव्हतं.) कठडा उभा राहिला होता. फक्त बाहेरच्या बाजूचे आठ जोड उरले होते. ते शिडीवरूनच करता येणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नाताळच्या सुट्टीचे पाहुणे यायचे होते, चार लहान मुलांसकट. आणि अकराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो. वारा सुटला की टॉर्चमधून येणारा आर्गन उडून जातो आणि जोड आतून काळा, पोकळ होतो. म्हणजे जे काही करायचं ते सकाळी अकराच्या आत. बांद्याला जाऊन कंट्रोल बदलून आणायला वेळच नव्हता.

"मी येतंय तुज्याबरोबर," मी म्हटलं. "किरकोळ रजा टाकतंय."

"तुमी येवन काय करतलास?" तिने विचारलं. त्याचं उत्तर त्या वेळी आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सकाळी साडेआठला आम्ही काकींच्या अंगणात शिडी लावली. संचिताने आधी पेडल सुंभाने शिडीच्या पायरीला बांधून बघितलं. पाय दिला की पेडल फिरायचं आणि तिचा पाय घसरायचा. मग ते गुडघा आणि शिडीच्या मध्ये धरून बघितलं. त्यात गुडघा पेडल दाबतोय की पेडल गुडघा दाबतंय, ते कळेना. शेवटी तिने वरून खाली माझ्याकडे बघितलं. बाजार उठल्यावर भाजीवाल्याकडे एकटा दुधी उरतो आणि आपण त्याच्याकडे बघतो, तशी ती नजर होती.

"बसा थंय," ती म्हणाली. "खुर्ची घेवा. पाय पेडलार ठेवा. नजर भितीकडे. वर बघूचा नाय, डोळे जातले. मी सांगान तसा दाबा, मी सांगान तसा सोडा."

मी शिडीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. समोर चुन्याची भिंत आणि भिंतीवर एक पाल. वरून सूं असा बारीक आवाज यायला लागला.

"दाबा... दाबा... बस्स. आता कमी... कमी... सोडा!"

आता माझी अडचण ऐका. कुठलाही आदेश आला की त्याची आधी नोंद घ्यायची, मग तो वाचायचा, मग तो आपल्याच टेबलाचा आहे ना ते बघायचं, ही मला सवय. 'सोडा' हा आदेश कानातून आत शिरून, रीतसर आवक होऊन, पायापर्यंत जावक होईपर्यंत पाइपला मसुराएवढं भोक पडलं.

मग संचिताचा आवाज आला, फार शांत. "आयकलात की लगेच सोडा. मदी विचार करू नका."

तिने ते भोक तारेने भरून काढलं. त्यात वीस मिनिटं गेली. दुसऱ्या जोडाला मी विचार बंद केला. (मला वाटलं होतं अवघड जाईल. अजिबात नाही गेलं.) नुसता कान उघडा ठेवून बसलो. दाबा, म्हणाली, दाबलं. अजून दाबा, म्हणाली, अजून दाबलं. काम अगदी रंगात आलं होतं.

"सोडा?"

मी झटक्यात पाय उचलला.

"कित्याक सोडलात?" वरून ओरड आली.

"तूच म्हटलंस!"

"मी खंय म्हटलंय?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुभद्राकाकींचं डोकं बाहेर आलं. "अगो, मी इचारलंय. कोकमात सोडा घालू?"

"सोडा नको!" संचिता ओरडली.

मला ऐकू आलं, 'सोडा' हे 'नको'. म्हणजे सोडू नका. म्हणजे दाबा. विचार बंदच होता. मी टाच रोवून पेडल दाबलं. नशीब म्हणून टॉर्च हवेत होती. तिच्या टोकाला नुसतं टिकटिक झालं. संचिता शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरली आणि हेल्मेटची काच वर करून माझ्याकडे बघत राहिली.

"आता नीट आयका," ती म्हणाली. "आता दाबा नाय आणि सोडा नाय. नुसता 'दाब' आणि 'सोड'. 'आ' लावूक वेळ नाय."

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत तिने मला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. रागातसुद्धा 'तुमी गाढव आसात' असंच म्हणते. आणि आता भर अंगणात, काकींच्या देखत...

"दाब!"

मी दाबलं. खिडकीतल्या काकींनी तोंडावर पदर धरला.

"वायच कमी... बरो. दाब. दाब रे! सोड!"

अंगणाच्या कडेला, माडाखाली, आरामखुर्चीत काकींचे दीर बसले होते. त्यांना सगळा गाव भाई म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवत होते. पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी सूर धरायचे. आता कंपनी नाही, पेटीही नाही. सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. संचिताने मला 'दाब रे' म्हटल्यावर मात्र ते खुसखुसून हसले.

तरी एक सांगतो, त्या 'दाब-सोड'ने फरक पडला. दुसरा जोड झाला. तिसरा पहिल्या दमात झाला. संचिता वरून "बरो जाता" म्हणाली. चौथा अर्ध्यावर आला तेव्हा मला वाटायला लागलं, की मी आवक-जावक टेबलावर उगाच आयुष्य घालवलं.

त्याच वेळी गेटात यशोदा मासेवाली टोपली घेऊन उभी राहिली आणि काकी तिच्यापुढे गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसलेला. मला त्यातलं काही दिसलं नाही. मला फक्त मागून बाईमाणसाचा आवाज आला.

"कमी कर गो."

मी कमी केलं.

"वायच अजून कमी कर."

अजून कमी केलं. इतक्या हळुवार, इतक्या सारख्या गतीने माझा पाय आयुष्यात उचलला गेला नव्हता. अनिशने बघितलं असतं तर त्याने मला दुकानात नोकरीला ठेवलं असतं.

"अजून! अजून कमी कर!"

मी पाय पूर्ण उचलला. वरचा सूं आवाज बंद झाला.

"मेल्या!" संचिता वरून किंचाळली.

"ह्येच्यापेक्षा कमी होवचा नाय!" यशोदा गेटातून ओरडली.

मी मागे वळून बघितलं. काकींच्या हातात सुरमई होती.

संचिता खाली उतरली. शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले. मी तयारीत होतो. ती ओरडेल, पुन्हा 'मेल्या' म्हणेल, माझं पेडल समुद्रात फेकेल. पण ती माडांच्या शेंड्यांकडे बघत राहिली. झावळ्या हलायला लागल्या होत्या. सव्वादहा वाजले होते. साडेतीन जोड झाले होते, साडेचार उरले होते.

"सगळी म्हणतली," ती हळूच म्हणाली, "बगा, बाईमाणसाचा काम." आणि मनगटाने डोळे पुसले.

तिला रडताना मी फार कमी वेळा बघितलं आहे. वडील गेले तेव्हा, आणि एकदा कांदा कापताना. (त्या वेळी कांदा मी कापत होतो.) चिठ्ठीत दोन रेघा मारून लिहिलेलं होतं. मी एक लिमलेटची गोळी आणली असती तर ही बाई आता शिडीवर एकटी, कोणाची मदत न घेता शेवटच्या जोडावर असती. मी म्हटलं, "मी आताच्या आता बांद्याक जातंय." ती म्हणाली, "तुमी येयसर वारो गोव्याक पोचतलो."

"जावयांनू, उठा."

हा आवाज भाईंचा होता. संचिता देवबागची माहेरवाशीण, म्हणून अख्खं देवबाग मला जावई म्हणतं. भाई खुर्चीतून उठून काठी टेकत आमच्यापर्यंत आले होते.

"वायच माका बसांदे," ते म्हणाले. "बाय, ह्यां दाबल्यार काय होता?"

"करंट वाढता, भाई."

"आणि सोडल्यार?"

"कमी होता."

"म्हणजे भातोच मा!" भाई माझ्या खुर्चीत बसले. "चाळीस वर्सां हेच केलंय. दुसरो गाता, त्येच्या दमार आपलो पाय. आणि तू बोलू नको हां. गाणारो काय पेटयेवाल्याक सांगत बसता, आता मार, आता सोड? माका फक्त तुजो हात दिसांदे."

संचिता घोटाळली. घड्याळाकडे बघितलं, झावळ्यांकडे बघितलं. मग पिशवीतलं दुसरं हेल्मेट काढून तिने भाईंच्या डोक्यावर बसवलं. काळं तोंड, खाली धोतर. काकी म्हणाल्या, "भाईंनू, संकासूर दिसतास!" (दशावतारातला काळ्या तोंडाचा राक्षस.) हेल्मेटच्या आतून उत्तर आलं, "संकासुराक पेटी मीच वाजवी." त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल पेडलवर ठेवलं.

मला दुसरं काम मिळालं. वारा अडवायला काकींची डबल बेडची चादर घेऊन मी वर गॅलरीत जायचं, आणि संचिताच्या हाताच्या समुद्राकडच्या बाजूला ती ताणून धरायची. तिने माझ्या हातात हेल्मेटची एक सुटी काळी काच दिली. "ही डोळ्यासमोर धरा. ती नसताना बघूचा नाय."

आता एक कबूल करतो. संचिता चार वर्षं वेल्डिंग करते, पण मी तिचं काम कधी बघितलं नव्हतं. सुरुवातीला एकदा शेडमध्ये नुसत्या डोळ्यांनी डोकावलो होतो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि तेव्हापासून शेड मला बंद. संध्याकाळी मी तिला "काम झाला?" विचारायचो. इस्त्री झाली का विचारतात, तसंच.

काच डोळ्यापुढे धरली. सगळं देवबाग विझलं. समुद्र नाही, माड नाहीत, काही नाही. मग त्या काळोखात एक ठिपका पेटला. ठिणगी नाही, धूर नाही, नुसता सूं आवाज. ठिपक्याभोवती पाइपची कडा लाल झाली, मग पिवळी, आणि मग स्टीलचं पाणी झालं. तांदळाच्या दाण्याएवढं. पण काय पाणी! आरशासारखं लखलखीत, काठोकाठ भरलेलं, थरथरणारं आणि तरी न सांडणारं. संचिताने तार पुढे केली, त्या पाण्याने ती गिळली आणि ते किंचित पुढे सरकलं. पुन्हा तार, पुन्हा पुढे. मागे निवत जाणाऱ्या स्टीलवर एकामागे एक बारीक वळी उमटत होती. ओहोटीला पाणी मागे गेल्यावर वाळूवर राहतात ना, तशी.

आणि तो उजेड! जाड पट्टीजवळ गेला की फुलायचा, पातळ पाइपवर आला की आपोआप मिटायचा. कोणी 'दाब' म्हणत नव्हतं, कोणी 'सोड' म्हणत नव्हतं. मी काच बाजूला करून, नजर टॉर्चकडे जाऊ न देता, खाली भाईंच्या पायाकडे बघितलं. तो म्हातारा पाय हलतोय की नाही तेसुद्धा कळत नव्हतं. अंगठ्याजवळची एक शीर तेवढी वर-खाली होत होती. शिडीवरचा हात काय करणार आहे, ते त्या पायाला हाताच्या आधी कळत होतं.

चौदा वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपतो. तिला भेंडी आवडत नाही हे मला माहीत, ती कुठल्या बाजूला वळली म्हणजे रागावलेली असते हे माहीत. आणि तिच्या हातात हे असं काही आहे, हे मला माहीत नव्हतं. स्टील पाणी होऊन तिचं ऐकत होतं. मी तर साधा माणूस.

चौथा जोड पुरा झाला, पाचवा झाला, सहावा झाला. काकी सुरमई हातात तशीच घेऊन उभ्या. यशोदा टोपली खाली ठेवून उभी. सातव्याला वारा आला. चादर फुगली, मी गॅलरीत दोन पावलं मागे ओढला गेलो. काच खिशात टाकली, डोळे गच्च मिटले, समुद्राकडे पाठ केली आणि चादर दोन्ही हातांनी ताणून स्वतःच त्या जोडाभोवती भिंतीसारखा उभा राहिलो. चादर पाठीवर फडफडत होती. आठवा जोड मी बघितला नाही. फक्त ऐकला. सूं... सूं... आणि मग तो आवाज गाणं संपल्यासारखा हळूहळू उतरत बंद झाला.

"झाला," संचिता म्हणाली.

मी डोळे उघडले. तिने हेल्मेट काढलं होतं. चेहरा घामाने निथळत होता आणि ती हसत होती. खाली उतरून ती भाईंच्या पाया पडायला वाकली. भाई हेल्मेट काढून बसले होते.

"तुज्या हाताक ताल आसा, बाय," ते म्हणाले. मग पेडलवरून पाय काढत, "लय वर्सांनी कोणाच्या मागे वाजवूक मेळला." त्यांनी चप्पल पायात घालायचा प्रयत्न केला, पण ती त्यांना सापडेना. संचितानेच ती त्यांच्या पायात सरकवली.

मग कठड्याची परीक्षा झाली. काकी दिल्या शब्दाप्रमाणे टेकल्या. कठडा हूं की चूं करेना. संचिताचं समाधान झालं नाही. "अहो, वायच लटका बगूया," ती मला म्हणाली. (अहो! मी लगेच लटकलो.) मी गॅलरीच्या बाहेर, देवबागच्या भर उन्हात, दोन हातांनी कठड्याला लोंबकळत असताना पाहुण्यांची गाडी अंगणात शिरली. त्यातल्या एका मुलाने वडिलांना विचारलं, "पप्पा, आपणपण हे करायचं?"

मुलं वर धावली, कठड्यावर रेलली, खाली वाकून ओरडली. कठडा घट्ट. त्या आठ जोडांकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. त्यांच्या वडिलांनी मला वायफायचा पासवर्ड विचारला. मला त्यांना हाताला धरून एकेक वळी दाखवावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी संचिताने अनिशला स्वतः फोन केला आणि हाताचा कंट्रोल मागवला. पेडलही तिने ठेवून घेतलं. "टेबलार पाय, शिडयेर हात," ती म्हणाली. "दोनय होये." दोन्ही हवेत म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे मी हाडलंय तां अगदीच चुकीचा नाय." तिने नाक मुरडलं. पण रात्री तिने चपात्या लाटल्या.

मी कचेरीत सगळ्यांना हा प्रसंग सांगितला. तीन वेळा सांगितला. तिसऱ्या वेळी चादर चांगलीच मोठी झाली होती आणि वाऱ्याचं वादळ झालं होतं.

आठवड्याने घरचा फोन वाजला. संचिता शेडमध्ये होती, मी उचलला. बांद्याच्या नम्रता म्हणून कोणी बाई होत्या. त्यांचं लॉज होतं.

"सुभद्राकाकींकडचो कठडो बगलंय," त्या म्हणाल्या. "काय काम आसा वो! डोळे दिपले. माका जिन्याक तसोच होयो. ती बाय होयी, आणि ते पायवाले आजोबा आसत मा, तेव होये."

"येतली, दोघांयव येतली," मी छाती पुढे काढून म्हटलं.

"आणि तुमी कोण?"

"मी त्यांचो घो, मिस्टर."

"हां हां. पण कामात तुमी काय करतास?"

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. "मी वारो अडवतंय," मी म्हटलं. "चादर धरून."

पलीकडे बाई विचारात पडल्या. त्यांना माझं मन मोडायचं नव्हतं, ते आवाजावरून कळत होतं.

"तां खरा," त्या म्हणाल्या. "पण आमचो जिनो घरातच आसा. तुमी कित्याक उगाच तरास घेतास?"